सर्वांत आधी काय कराल?

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी आमच्या स्वयंपाकघरात टोस्ट जळला. छतावरचा स्मोक अलार्म बोंबलायला लागला, माझी मुलगी इरा कानात बोटं घालून टेबलाखाली शिरली आणि बायको ऋचा आंघोळ अर्धी टाकून टॉवेलवर धावत आली. टोस्टरच्या सगळ्यांत जवळ उभी होती मंगलताई. ती हात पाठीमागे बांधून मला म्हणाली, "घरात धूर झालाय. सर्वांत आधी काय करशील? एक, खिडकी उघडशील. दोन, ट्रिपल झीरोला फोन करून बंब बोलावशील. तीन, माणसं बाहेर काढशील. चार, टोस्टर बंद करशील."

मी टोस्टर बंद केला.

"चूक," मंगलताई म्हणाली. "आधी माणसं."

मंगलताई माझी मावसबहीण. वय सत्तेचाळीस, उंची बेताची, आवाज अख्ख्या वॉर्डाला पुरेल एवढा. मिरजेच्या एका हॉस्पिटलात ती एकोणीस वर्षं सिस्टर होती. मोठे डॉक्टरसुद्धा तिचा मूड विचारून राउंडला यायचे असं ती सांगते. त्यातलं निम्मं सोडून दिलं तरी उरतं ते पुष्कळ आहे. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणते, "प्रायॉरिटीत बसलं नाही." इथे परदेशात, पॉइंट कुकला, आमच्याकडे ती दोन महिन्यांसाठी म्हणून आली, त्याला आता तीन वर्षं होतील.

इथे नर्स व्हायचं तर रजिस्ट्रेशनची परीक्षा द्यावी लागते. ती पास होईपर्यंत मंगलताई वेरिबीच्या एका वृद्धाश्रमात केअरर होती. आजी-आजोबांना आंघोळ घालायची, भरवायचं, चादरी बदलायच्या. अंधारात शीर शोधून सलाइन लावणाऱ्या या बाईने तिथे सुईकडे बघायचंसुद्धा नाही. कुणी आजोबा पडले, तर बटण दाबायचं आणि ड्यूटीवरची नर्स येईपर्यंत हातावर हात ठेवून उभं राहायचं. ती नर्स चोवीस वर्षांची. "नो वरीज, लव्ह, आय विल टेक इट फ्रॉम हिअर," असं ती गोड हसून म्हणायची. ज्या दिवशी ती असं म्हणायची, त्या दिवशी आमच्या पोळ्या जरा जास्तच पातळ लाटल्या जायच्या.

परीक्षेत मंगलताई दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाले तर सामान आवरून मिरज, असं तिने जाहीर करून टाकलं होतं. नापास होण्याचं कारण म्हणजे तिला काम येत होतं. परीक्षेच्या तयारीचं एक ॲप असतं, त्यात हजारो पेशंट कण्हत पडलेले असतात. प्रत्येकाखाली चार पर्याय. पेशंटला धाप लागली की मंगलताई मनातल्या मनात ऑक्सिजन लावून, सलाइन सुरू करून, नातेवाइकांना बाहेर हाकलून मोकळी. ॲप म्हणणार, चूक, आधी पेशंटची तपासणी करा. "तपासणी करेपर्यंत तो मरेल की!" असं ती फोनवर खेकसायची. फोन लाल फुली दाखवून पुढच्या पेशंटकडे जायचा.

मग तिचा मास्तर झालो मी. मी आयटीवाला. रक्त पाहिलं की मला घेरी येते. पण परीक्षा म्हणजे नुसता पॅटर्न असतो, ही आम्हा लोकांची श्रद्धा. रोज संध्याकाळी मी तिला प्रश्न घालायचो, आणि एकोणीस वर्षं माणसं वाचवलेल्या बाईला "ताई, पुन्हा चूक" असं चहाचे घुटके घेत सांगायचो. त्यात मला मजा यायची, खोटं कशाला बोलू?

मजा तीही वसूल करायची. क्लेटनला माझ्या मित्राकडे बारशाचं जेवण होतं. हिने वाढायचं काम अंगावर घेतलं आणि डाव हातात धरून भर पंगतीत विचारलं, "एकाला डायबेटिस आहे, एकीचं बाळ रडतंय, एक जण पुरी पुरी म्हणून ओरडतोय आणि एक कोपऱ्यात गप्प बसलाय. आधी कुणाकडे जायचं?" सगळे म्हणाले, डायबेटिसवाल्याकडे. "चूक. ओरडतो त्याचा श्वास चालू असतो. गप्प असतो त्याच्याकडे आधी जायचं." असं म्हणून तिने कोपऱ्यातल्या गृहस्थांचं ताट गच्च भरलं. ते गप्प होते, कारण ते नुकतेच पोटभर जेवून बसले होते. भिडेखातर बिचारे पुन्हा जेवले.

एक प्रश्न मात्र ती हटकून चुकायची. ऑपरेशनच्या आधी पेशंट घाबरून विचारतो, "मी बरा होईन ना?" तुम्ही काय म्हणाल? मंगलताईचा पर्याय ठरलेला, तिसरा: "हो, काळजी करू नका, सगळं ठीक होईल." ॲपची लाल फुलीही ठरलेली. हे खोटं आश्वासन आहे. बरोबर उत्तर दुसरं: "तुम्हाला भीती वाटतेय असं दिसतं. त्याबद्दल बोलाल का?"

"बोलाल का?" मंगलताई उसळायची. "मिरजेत असं बोलले असते तर पेशंट तिथेच गेला असता, आणि नातेवाइकांनी मला धुतलं असतं!"

"ताई, तुझा तिसरा पर्याय मिरजेलाच ठेव," मी म्हणायचो. तीन महिने मी त्या तिसऱ्या पर्यायाची यथेच्छ टिंगल केली.

शेवटी तिने दुसरा पर्याय घोटला, आणि मग घरात कुणाला जगू देईना. इरा "आत्या, आय ॲम हंग्री" म्हणाली की ही गंभीर चेहऱ्याने म्हणणार, "तुला भूक लागल्यासारखं वाटतंय. त्याबद्दल अजून काही सांगशील?" इरा तिथून ओरडायची, "डॅड! आत्या इज डूइंग इट अगेन!" 'का' हा शब्द तर घरातून हद्दपारच झाला. 'का' विचारलं की पेशंटला आपल्यावर आळ घेतल्यासारखं वाटतं, असं ॲपचं म्हणणं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी साडेसहाला नाशिकहून माझ्या भावाचा, नितीनचा, फोन आला. आईच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता आणि ती आयसीयूत होती. माझी आई म्हणजे मंगलताईची मावशी. नर्सिंगला जायचं नाही म्हणून मंगलताईचे वडील आडवे पडले, तेव्हा तिची ट्रंक उचलून तिला मिरजेच्या होस्टेलवर सोडून आली ती माझी आईच. मी आणि ऋचाने ठरवलं, पेपर होईपर्यंत ताईला काही कळू द्यायचं नाही.

सिटीतल्या परीक्षा केंद्रावर तिला मीच सोडणार होतो. फ्रीवेला लागलो. पाच-सात मिनिटं गेली असतील.

"आज तू प्रश्न घालत नाहीयेस," ती म्हणाली.

"तुला जरा शांत बसता यावं म्हणून."

"गाडी बाजूला घे."

"ताई, उशीर झाला तर आत घेत नाहीत."

"घे म्हणते ना."

पुढच्या पेट्रोल पंपावर मी गाडी थांबवली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "का गप्प आहेस?" किती दिवसांनी तिच्या तोंडून 'का' ऐकला. मी सगळं सांगून टाकलं.

तिने हात पुढे केला. "फोन लाव नितीनला. तिथल्या सिस्टरला द्यायला सांग." मग मी तिचा एक वेगळाच आवाज ऐकला. चढा नव्हता, पण पलीकडची बाई उठून उभी राहिली असणार. "सिस्टर, मी सिस्टर मंगल, मिरजेची. प्रेशर किती? श्वास स्वतःचा की मशीनवर? डोळ्यांच्या बाहुल्या?" ती ऐकत राहिली. "बरं. बरं. एक करा, चादरीला चुणी राहू देऊ नका. तिच्या पाठीला टोचते."

तिने फोन परत दिला. मी त्रेचाळीस वर्षांचा माणूस, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई, आई बरी होईल ना?"

"होईल रे. काही होत नाही मावशीला. चल, गाडी काढ."

मी गाडी काढली. सिटी येईपर्यंत ताई एक शब्द बोलली नाही. मनातल्या मनात उजळणी चाललीय, असं मी समजलो. शेवटची चार मिनिटं उरली असताना ती आत गेली.

त्याच दिवशीच्या विमानाने मी निघालो. 'होईल रे' एवढ्यावर मी नाशिकपर्यंत पोचलो. तिथे डॉक्टरांनी मला त्या प्रेशरचा आणि बाहुल्यांचा अर्थ समजावून सांगितला. पहिल्या तासापासूनच काही आशा नव्हती. "फोनवर चौकशी केलेल्या त्या सिस्टरना तेव्हाच कळलं असणार," ते म्हणाले. आई चौथ्या दिवशी गेली. तिच्या चादरीला एकही चुणी नव्हती.

मी परतलो तोवर मंगलताई पास झाली होती. ते मला ऋचाने सांगितलं, तिने नाही. दार तिनेच उघडलं, पण पर्याय काही दिले नाहीत. वरणभाताचा कुकर लावलेला होता. ताटं मांडताना मी विचारलं, "तो प्रश्न आला होता का गं?"

"सांगायचं नसतं. सही करून घेतात." मग तुपाचं भांडं उघडता उघडता म्हणाली, "आला होता."

"काय लिहिलंस?"

"दुसरा पर्याय. कॉम्प्युटरमधला पेशंट कुठे घाबरलेला असतो?"

आणि ती तुपाचं भांडं हातात धरून तशीच उभी राहिली. पेट्रोल पंपापासून सिटीपर्यंत ती उजळणी करत नव्हती, मावशी जाणार हे एकटीच गिळत होती, ते मला तेव्हा कळलं. त्या तिसऱ्या पर्यायाची केलेली टिंगल आठवून फार लाज वाटली. इरा केव्हाची ओरडत होती, "आत्या, आय ॲम स्टार्विंग!" मी ताईच्या हातातून भांडं काढून घेतलं, तिला खुर्चीवर बसवलं आणि आधी तिचं ताट वाढलं.