अनसाबाईंचा मरणोत्तर सत्कार

शिरूर-दौंड संयुक्त कलागौरव समितीचा जीवनगौरव पुरस्कार फक्त मरणोत्तर दिला जातो. हा नियम अनुभवातून आलेला आहे. पूर्वी समितीने एका हयात शाहिरांचा सत्कार केला होता. त्यांच्या हातात शालीबरोबर चुकून माईकही गेला आणि शाहिरांनी तो जेवणाची वेळ टळून जाईपर्यंत सोडला नाही. प्रमुख पाहुणे भाषणही न करता उपाशी परत गेले. तेव्हापासून कलावंताने आधी जावं आणि मग पुरस्कार घ्यावा, असं ठरलं. गेलेला कलावंत वेळ पाळतो आणि शालीच्या रंगाबद्दल कुरकुर करत नाही.

यंदा मात्र अडचण उभी राहिली. शिरूरचं मंगल कार्यालय ठरलं होतं, पाहुण्यांची तारीख मिळाली होती, आचाऱ्याला सांगून झालं होतं आणि दोन्ही तालुक्यांत एकही लायक कलावंत वेळेत वारला नव्हता. समितीचे अध्यक्ष साहेबराव यांनी बैठकीत तीव्र नाराजी व्यक्त केली.

"कलाकारांना समाजाचं कायबी पडल्यालं न्हाई," ते म्हणाले.

एक ढोलकीवाले बरेच आजारी आहेत असं कुणीतरी सुचवलं. साहेबरावांनी आशेने फोन लावला, तर ढोलकीवाले बरे होऊन जत्रेला गेलेले. तब्येतीला जपा, असं साहेबराव त्यांना म्हणाले खरे, पण आवाजात दम नव्हता. तेव्हा समितीचा निवेदक माऊली म्हणाला, "खुटबावच्या अनसाबाई हायेत की. त्या तर किती येळा गेल्यात."

अनसाबाई म्हणजे पडद्यावरची आई. गावात पहिल्यांदा शूटिंग आलं तेव्हा त्या शेजारच्या वावरात कांदा खुरपत होत्या. आईचं काम करणाऱ्या बाईंची गाडी वाटेत बंद पडली, म्हणून दिग्दर्शकाने यांनाच खाटेवर झोपवलं. हिरो त्यांच्याहून सहज सात-आठ वर्षांनी मोठा होता. त्याने 'आई' म्हणून टाहो फोडला, अनसाबाईंनी "बाळा, तुझा बाप..." एवढं म्हणून मान टाकली आणि त्यांचं पुढचं सगळं आयुष्य ठरून गेलं. चाळीस वर्षांत चित्रपट बदलले, मग मालिका आल्या, बाळं बदलली. वाक्य तेच राहिलं आणि तिथेच तुटत राहिलं. बाप कोण, हे त्यांनी कुठल्याच बाळाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर चित्रपट मध्यंतरापर्यंतसुद्धा पोचला नसता. एकदा एका भल्या दिग्दर्शकाने त्यांना शेवटपर्यंत जगणारी आई दिली, पण ती मुकी होती.

दोन्ही तालुक्यांना अनसाबाईंच्या मरणाची इतकी सवय झाली की त्या बोलता बोलता जरा अडखळल्या की बायका पदर डोळ्याला लावत. त्यांनी मान टाकेपर्यंत थांबायची गरज कुणाला वाटत नसे.

साहेबराव आणि माऊली खुटबावला पोचले तेव्हा अनसाबाई ओट्यावर शेंगा निवडत होत्या. शेजारी नात धनश्री बसली होती. ती रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, त्यामुळे समोर आलेल्या कुठल्याही गोष्टीकडे ती आधी संशयाने बघते.

"मावशी, तुम्हाला जीवनगौरव द्यायचं ठरलंय," साहेबराव म्हणाले. "मरणोत्तर."

"आरं, पण मी हाय की अजून."

"ती किरकोळ बाब हाय. तुमचं मरण अख्ख्या तालुक्यानं डोळ्यानं बघितलंय. एवढं साक्षीदार खऱ्या मेलेल्यालाबी मिळत न्हाईत."

"मंग पुरस्कार घ्यायचा कुणी?" धनश्रीने विचारलं.

नियमाप्रमाणे जवळच्या नातेवाइकाने. समितीने तिथेच ओट्यावर तातडीची बैठक घेतली. अनसाबाईंना अनसाबाईंहून जवळचं दुसरं कुणी नाही, असा ठराव एकमताने मंजूर झाला.

अनसाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "येते मी. पण मला बोलू द्याचं. एवढी वर्सं झाली, एक वाक्य कवा पुरं केलं न्हाई मी. आपल्या माणसांपुढं एक तरी वाक्य पार टोकापतुर न्यायचंय. लांबडं न्हाई, एकच."

"नातेवाइकांचं मनोगत असतंच की कार्यक्रमात," साहेबराव म्हणाले. "बोला बिनघोर."

कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत अनसाबाई ते एक वाक्य घोकत होत्या. धनश्री शिफ्टवरून आली की त्यांच्याकडून ते म्हणवून घ्यायची आणि मध्ये कुठे आवाज हलला तर पुन्हा पहिल्यापासून लावायची. "आज्जी, मधी श्वास घिऊ नको. लोकांना सवय हाय," एवढंच तिचं सांगणं असे.

मंगल कार्यालयाच्या दारात मोठा फ्लेक्स होता. त्यावर अनसाबाई कोपऱ्यात होत्या आणि मध्यभागी गॉगल लावलेले शोकाकुल साहेबराव. आत जाण्याआधी प्रत्येकाने फोटोला फुलं वाहायची होती. अनसाबाईंनीही स्वतःच्या फोटोला वाहिली, कारण त्याशिवाय पुढे सोडतच नव्हते. मग त्यांना कुटुंबीयांच्या रांगेत लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवण्यात आलं. सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. त्यात अनसाबाईंना खोकला आला.

"आज्जी, गेलेल्या माणसाचा तरी मान ठिवा," एक स्वयंसेवक दबक्या आवाजात म्हणाला.

प्रमुख पाहुण्यांनी भाषणात सांगितलं, की अखेरच्या क्षणी ते स्वतः अनसाबाईंच्या उशाशी होते आणि अनसाबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला होता. अनसाबाई नातीच्या कानाला लागल्या. "कोण हाय गं ह्यो?" त्यानंतर साहेबराव बोलले. अनसाबाईंच्या जाण्याने कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे, असं ते तीनदा म्हणाले. ती पोकळी समोर बसून पाणी मागत होती. पण पाण्याच्या बाटल्या फक्त व्यासपीठावरच्यांसाठी होत्या, आणि व्यासपीठावर माणसं पुष्कळ होती.

अखेर माऊलीने नाव पुकारलं. अनसाबाई धनश्रीचा हात धरून वर गेल्या, पदर सारखा केला, समोरच्या सगळ्या माणसांकडे एकदा नीट बघितलं. धनश्रीने नकळत स्वतःचाच श्वास रोखून धरला.

"मंडळी," अनसाबाई म्हणाल्या, "मी आजवर..."

घसा कोरडा पडला होता. आवंढा गिळायला त्या थांबल्या.

तेवढं पुरे झालं. पुढच्या रांगेतून हुंदका आला, मागून टाहो आला, बायकांचे पदर डोळ्यांना लागले. माऊलीने सराईतपणे माईक काढून घेतला. "आणि अशा प्रकारे ही थोर माता आपल्यातून निघून गेली आहे." पाहुणे पुष्पचक्र घेऊन उठले. फोटो लांब होता आणि अनसाबाई जवळ होत्या, म्हणून ते त्यांनी अनसाबाईंनाच वाहिलं.

"अवो, आज्जी बोलतीया अजून," धनश्री म्हणाली.

साहेबरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "धीर धर, पोरी. सुरवातीला सगळ्यांनाच असं वाटतं."

मग जेवणाची पानं मांडल्याची घोषणा झाली आणि शोकाकुल समुदाय बुंदीकडे धावला. मंडपवाल्याने स्पीकरची वायर गुंडाळायला घेतली. हातात पुष्पचक्र घेऊन अनसाबाई तिथेच उभ्या राहिल्या, आणि त्यांनी आपलं वाक्य रिकाम्या खुर्च्यांना सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये श्वास न घेता. धनश्रीने ऐकलं. आवाज कुठेच हलला नाही. मला विचाराल तर त्या दिवसातली पाहण्यासारखी गोष्ट तेवढीच होती, आणि ती पाहायला धनश्रीखेरीज कुणी नव्हतं, याचा मला अजून राग आहे.

समितीच्या पुढच्या बैठकीत कार्यक्रम अत्यंत शिस्तीत पार पडल्याची नोंद झाली. एक दुरुस्तीही मंजूर झाली. यापुढे पुरस्कार घेणाऱ्याने स्वतः मृत असल्यास मनोगत व्यक्त करू नये.

ते वाक्य धनश्रीला तोंडपाठ आहे. शिफ्ट सुटली की ती कंपनीच्या गेटवर असते, विचारलं तर लगेच सांगेल. अजून कुणी विचारायला गेलेलं नाही. तुम्हालाही ते आत्ता, मी विषय काढल्यावर आठवलं. इतका वेळ तुम्ही एवढंच बघत होतात, की म्हातारी शेवटी खरंच मरते का.

नाही मरत. उठा आता, पंगत बसली आहे.