सत्तर टक्क्यांवर थिजलेले राज्य

श्रीशारदेस नमन असो. ज्यांस यंत्रविद्या ठाऊक आहे त्यांणी उणे असेल ते पुरते करून घ्यावे, लिहिणारास ती पुरती कळत नाही. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, पौष मास, ते समयी एका राज्यात संगणकांची यंत्रशाळा होती आणि तिचा कारभार अनंतराव बिडवई पाहात असत. त्यांणी प्रत्येक यंत्रास ऐसा बंदोबस्त घातला होता की, दिवसा कोणी काहीही बिघडवो, यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू जाहले म्हणजे राखून ठेविलेल्या रूपावर यावे. राज्य सुखी होते. परंतु सुधारणांची कुमक, जीस लोक अपडेट म्हणतात, ती रोज आपण होऊन येई, आत जागा धरी, आणि यंत्र बंद होताच नाहीशी होई, मग दुसरे दिवशी तीच कुमक पुन्हा वेशीवर उभी.

मग परिचारिकांच्या भरतीची परीक्षा त्या शाळेत नेमिली गेली आणि वरून हुकूम आला की, यंत्रे अद्ययावत नसतील तर प्रश्नपत्रिका उघडणार नाही. अनंतरावांनी आदले दिवशी बंदोबस्त उठविला आणि कुमकेस आत घेतले. कुमक मोठी, चाल सावकाश. सत्तर टक्के जाहले तो पहारेकरी हैबती किल्ल्या घेऊन उभा राहिला. त्या राज्याची रीत ऐसी की, बंदोबस्त लाविल्यावाचून शाळेस कुलूप घालू नये. हैबती बोलिला, "साहेब, आटपा की. माझी एसटी जाती." अनंतराव बोलिले, "थोडंच राहिलंय. रात्रीतून होईल आपोआप." आणि सर्व यंत्रांस एकदम बंदोबस्त लावून घरी गेले.

सकाळी यंत्रे सुरू केली आणि सर्वांचे डोळे पांढरे जाहले. पडद्यावर सत्तर टक्के. मग ऐंशी, मग शंभर, मग यंत्र आपण होऊन बंद जाहले, सुरू जाहले, आणि पुन्हा सत्तर! बंदोबस्त अर्ध्या कुमकेवरच लागला, म्हणोन राखलेले रूपच अर्धवट, यंत्र दर खेपेस तेथेच परत येई. पासवर्ड देऊन बंदोबस्त उठवावा तर यंत्र तेथवर पोहोचेच ना. उमेदवारांत शबाना मुलाणी होती, ती हळूच बोलिली, "शंभर झालं की परत सत्तर. आमच्या सासूबाई अशाच भांडतात." कोणी हसले, परंतु मंजुळा खरात हसली नाही. तिची वयाची मर्यादा त्याच महिन्यात सरत होती. ती बोलिली, "साहेब, तुमचं यंत्र जातंय मागं. माझं वय नाही हो जात."

उपाय एकच, यंत्र समूळ पुसून नव्याने भरणे. नवी प्रणाली भरलेला पेनड्राईव्ह एकच, आणि केंद्रप्रमुख टिपणीसबाई बोलिल्या, "बाराला दार बंद. मला वरून तसं आहे." तितक्या वेळात एकच यंत्र होणार. मग शबाना उठून बोलिली, "मंजुळाताईला बसवा. आम्ही पुढची तारीख भांडून घेऊ." बाकीच्या म्हणाल्या, "हो, बसवा तिलाच." अनंतरावांनी एका यंत्रावरील इतक्या वर्षांची आपली मांडणी आपल्या हाते पुसली. मग टक्के चढू लागले, शंभर जाहले, यंत्र बंद पडले, पडदा काळा जाहला आणि हैबती पुटपुटला, "आता सत्तर येतंय."

सत्तर आले नाही. प्रश्नपत्रिका उघडली.

मंजुळाबाई खुर्चीवर बसली आणि दार बंद जाहले. इतिश्री ऐसी की, बाकी सारी यंत्रे सत्तरावरून शंभरास जात होती आणि माघारी येत होती, आणि त्यांचे मध्ये एक बाई पहिला प्रश्न सोडवून दुसऱ्यावर गेली होती.