निकमनानांच्या कवळीचा पेला

निकमनाना माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत, तोंडात बघतात. नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीत मी राहायला आलो तेव्हा टेम्पोतून फ्रिज उतरत होता आणि हे शेजारी मला विचारत होते, "वडिलांना कवळी आहे? कशानं धुतात?"

टूथपेस्टनं, मी म्हटलं. नाना भिंतीला टेकले. घरात कोणी गेल्याचं कळल्यावर माणूस टेकतो तसे.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," ते म्हणाले. "पेस्टनं कवळीला चरे पडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण घाण त्यात बिऱ्हाड करते. भाडं न देता."

हे 'प्रवाशांनी' नोकरीतून आलेलं. नानांनी जन्मभर बसस्थानकावर गाड्या पुकारल्या. आवाज असा, की त्यांनी माइकवर 'सुरगाणा' म्हटलं की तिकडे सुरगाण्यात पाहुण्यांसाठी चहाचं आधण चढायचं.

निवृत्तीनंतर त्या आवाजाला एकच विषय उरला, कवळी. त्यांच्या गॅलरीत स्टीलच्या वाट्यांची रांग. द्वारका चौकाजवळच्या कवळ्या बनवणाऱ्या कारागिराकडून आणलेले गुलाबी तुकडे त्यात भिजत पडलेले. ब्लीचमधला तुकडा पांढराफटक पडला आणि त्याच्या तारेला गंज चढला. व्हिनेगरमधल्याचं कीटण सुटलं, चहाचा डाग मात्र हलला नाही. पाण्यात टाकली की फसफसणारी गोळी नानांच्या लेखी त्यातल्या त्यात बरी. "पण गोळी म्हणजे नुसती आंघोळ," ते बजावत. "पाठ घासायला मऊ ब्रश लागतोच." आणि एका वेळी एकच गोळी. त्यांच्या मेहुण्यानं एकदा दोन टाकल्या, तर लग्नकार्यातही ते त्याच्याशी बोलेनात.

रोज संध्याकाळी सहाला नाना निफाडला आक्काला फोन करतात. आक्का थोरली बहीण, डोळे गेलेली; नाना तिचा बाळ्या. घरचे सगळे द्राक्षबागेत असतात, ती एकटी ओसरीवर, नानांच्या नंबराला वेगळी रिंग लावलेला बटणांचा फोन मांडीवर घेऊन बसते. आवाज ओळखीचा नसेल तर फोन कापते, कारण मागे कोणीतरी 'मी तुझा भाऊ' म्हणून तिला फसवायला बघितलं होतं. नानांचे दात काढले, तोंडात कवळी यायची होती, तेव्हा त्यांचाच फोन तिनं कापला. आणि भावाचं काही बरंवाईट झालं म्हणून भिंत चाचपत नाशिकला निघाली. सापडली ती विहिरीच्या काठाशी. भाच्यानं हे सांगितलं तेव्हापासून नाना कवळीला तळहातावरच्या फोडासारखं जपतात. कवळी नसेल तर तोंडातून शब्द काढत नाहीत, नुसत्या खुणा करतात.

एक गोष्ट मात्र मला कळायची नाही. नाना दिवसाउजेडीच जेवून घेतात, आणि सहाचा फोन संपत आला की कवळी काढून पेल्यात ठेवतात, गोळी टाकतात आणि फसफस थांबेपर्यंत फोन पेल्यावर धरून बसतात. हे आक्कांना कशाला ऐकवता, असं विचारलं की विषय माझ्या अक्कलदाढेवर जायचा.

परवा सोसायटीतल्या ज्येष्ठांपुढे नानांचं प्रात्यक्षिक होतं. अख्खं नाशिक लोटलं होतं. म्हणजे बारा-पंधरा जण. नानांनी स्वतःची कवळी काढून घासून दाखवली. ते खुणा करत होते आणि मी त्यांचं बोलणं लोकांना सांगत होतो. कवळी पाण्याच्या वाटीत ठेवली. शेवटचा प्रयोग उकळत्या पाण्याचा, तो शेजारच्या वाटीतल्या कोणाच्या तरी टाकलेल्या कवळीवर. तेवढ्यात सेक्रेटरी देवरेंनी चहाचा ट्रे टेबलावर टेकवायला वाट्या सरकवल्या. एक इकडे, एक तिकडे. नानांचा चष्मा कपाळावर होता. त्यांनी किटली उचलली आणि ओतली.

टाळ्या पडल्या. नानांनी दुसऱ्या वाटीतली कवळी उचलून तोंडात घालून बघितली, ती परक्याची निघाली आणि त्यांचा चेहरा ब्लीचमधल्या तुकड्यासारखा झाला. उकळत्या पाण्यातली त्यांची कवळी एका अंगानं वाकली होती. त्यांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. सव्वापाच.

मी स्कूटर काढली. भाच्याला फोन लावत होतो, पण फवारणीच्या यंत्राशेजारी कोणाला रिंग ऐकू येणार? द्वारकेच्या चौकात गाड्या अशा अडकलेल्या, की पुढच्या रिक्षात बसलेलं मूल उतरेल तेव्हा त्याला मिशा फुटलेल्या असतील. मागे नाना माझा खांदा दाबत होते. तोंडानं बोलता येत नव्हतं ते सगळं त्या बोटांत उतरलेलं. खांदा अजून दुखतो.

कारागिरानं कवळी उजेडात फिरवली. "नाना, ही आता सरळ होत नाही. नवं माप घेऊ. आठवडा तरी लागंल."

भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजत होते.

मी नानांच्या फोनवरून आक्कांना लावलं. नमस्कार, मी नानांचा शेजारी, एवढंच म्हणालो.

"बाळ्याचा फोन तुझ्याकं कसा?" आक्का म्हणाल्या आणि कापला.

नानांनी फोन हिसकावून परत लावला. ज्या आवाजानं सुरगाण्यात आधण चढायचं, त्या आवाजातून भिजलेल्या पिठासारखं काहीतरी बाहेर पडलं. आक्कांनी पुन्हा फोन कापला. मला ओसरीवरून उठणारी म्हातारी दिसायला लागली. पुढे भिंत, भिंतीपुढे बाग, बागेपुढे विहीर.

नानांनी एकदम कारागिरापुढचा पाण्याचा पेला ओढला. खिशातून गोळ्यांची पट्टी काढली, तिसऱ्यांदा नंबर लावला आणि गोळी पाण्यात टाकली.

रिंग वाजतच राहिली. गोळी निम्मी विरघळली.

"कोण हाय रे मेल्या सारखं सारखं?" आक्कांचा आवाज आला, धाप लागलेली.

नानांनी फोन पेल्यावर धरला. दुकानात फक्त फसफस.

"बाळ्या?" आक्का म्हणाल्या. मग खाट करकरली, त्या खाली बसल्या असाव्यात. "आज लय लवकर निजवले रे दात. न बोलताच? दमला असशील. जीव घाबरला ना माझा. काठी घेऊन उठलेच होते बघ."

नानांनी मान हलवली. फोनला.

"दोघा मेल्यांनी फोन केला तुझ्या नंबरावरून. एक तर अगदीच बोबडा. दात नसतील रे बिचाऱ्याला. तुझ्याकं पडलेली असंल एखादी जुनी, तर दे त्याला."

कारागीर तोंड फिरवून कवळी पुसत बसला. आक्का बोलत होत्या. मेथीची भाजी केली होती, सुनेनं मीठ कमी टाकलं होतं, मांजरीला पिल्लं झाली होती. पेल्यातले बुडबुडे विरळ होत चालले. आक्का मध्येच थांबल्या. "झोपलास का रे?"

नानांनी घाईघाईनं पट्टी फोडली आणि दुसरी गोळी टाकली.