गावात नसलेला वासुदेव

वासुदेव धान साठवायच्या ढोलीत होता. वरून पोती टाकलेली आणि ढोलीला पाठ लावून माझी सासू बसलेली. दारात पोलीस जमादार विचारत होता, “वासुदेव सदाशिव इथं राहतो का?”

“असा कोनी इथं राह्यतच नाही,” सासू म्हणाली आणि जोरजोरात धान पाखडू लागली. आतून वासुदेव “आई, आई” करत होता.

जमादाराने गल्लीत विचारलं. कोणीच वासुदेवला ओळखेना. मोहाच्या दारूच्या धाडींनी गावाला एवढंच शिकवलं होतं, खाकी दिसली की नाव कबूल करायचं नाही. मी शेतात धानाच्या रोवण्याला गेले होते.

वासुदेव माझा धाकटा दीर. भंडाऱ्याकडच्या बारुदीच्या कारखान्यात त्याची निवड झाली होती. उरली होती फक्त पोलिसांची तपासणी. माणूस त्याच गावचा, चालचलणुकीचा चांगला, असं पोलिसांनी लिहिलं की सरकारी नोकरी. नाही लिहिलं, तर फाटकाच्या आत पाऊल नाही. सिहोऱ्याची पोरगीही त्याच नोकरीवर ठरली होती. पण तपासणीला पोलीस घरी येतो, हे शहाण्याने आईला सांगितलंच नव्हतं.

डोक्यात धानाचा कोंडा घेऊन तो ढोलीबाहेर निघाला, तेव्हा जमादाराची सायकल तलावाच्या पाळीपलीकडे गेली होती. दुसऱ्या दिवशी तो ठाण्यात गेला.

“साहेब, मीच वासुदेव! तुमच्यासमोर उभा आहो.”

“उभा आहेस, पण राहत नाहीस. कागद गेला वर.”

नोकरी गेली. पोरगी दुसरीकडे दिली. वासुदेवने पुन्हा लग्नाचं नाव काढलं नाही.

पण तेव्हापासून खाकी दिसली की हा धावत जाई. “वासुदेव सदाशिव, राहणार इथलाच!” एसटीच्या कंडक्टरला सांगे, पोस्टमनला सांगे. एकदा जंगलाच्या नाकेदाराला असाच सांगायला गेला आणि दुसऱ्याच्या चोरीच्या सागवानापाशी सापडला. दिवसभर बसवून ठेवलं.

“काहून गेले होते मरायले?” मी म्हटलं.

“वयनी, त्यानं माहं नाव तर लिहिलं ना!”

पुढे गावातली पोरं कारखान्यात अर्ज करू लागली. पोलीस यायचा असला की वासुदेव अड्याळच्या स्टँडवर जाऊन बसे. पोलिसाला सायकलवर बसवून थेट पोराच्या दारात आणी. चहा पाजे. “पोरगा इथलाच आहे, साहेब. लहानपनापासून पाहून राहिलो.” बरीच पोरं लागली. डबे घेऊन जाताना त्याला हात करत.

सासू ओट्यावर बसून प्रत्येकाला सांगे, “मह्या वासुदेवले पोलीस धरायले आले होते. म्या लपवला, म्हनून वाचला.”

वासुदेव शेजारीच असे. “हो ना, आईनंच वाचवलं,” म्हणे आणि तिला पान कुटून देई.

ठाण्यातून परत आला त्याच दिवशी त्याने मला बजावलं होतं, “वयनी, आईले सांगू नोका. जागा भरली म्हना.” मला खोटं बोलायची सवय नाही. पण मी तेच सांगितलं. म्हातारी मरेपर्यंत खुशीत होती.

आता तोही नाही. ठाण्याच्या कागदात काय लिहिलं असेल ते असो. वासुदेव सदाशिव आमच्या गावात राहत होता. जन्मला तेव्हापासून.