बुडाला लागलेली बिअर

गॅसची शेगडी गराजमधून गेली, त्या दिवशी ग्रेचनने बाळंतपणानंतर पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. हेटी चार महिन्यांची, तिचा पाळणा भिंतीच्या अलीकडे, आणि पलीकडे नवरा लायल घरची बिअर उकळणार ती हातभर ज्वाळेवर. ग्रेचनने हट्टच धरला, तेव्हा बुडाशी कॉइल असलेलं विजेचं पातेलं आलं.

"विजेवर पाणी तापतं. बिअर होत नाही," सासरे एल्मर म्हणाले. शेगडी त्यांनी आपल्या घरी नेली खरी, पण टाकली नाही. हेटीच्या बाप्तिस्म्याची बिअर बिघडली तर शेगडी परत येणार, असं बापलेकांत ठरलं.

म्हणून ती बिअर करायच्या दिवशी पळी ग्रेचनने स्वतःच्या हातात घेतली. लायलने तीनदा बजावलं होतं: माल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या सातूचा, घट्ट पाक ओतताना कॉइल बंद, आणि तो पुरता विरघळेपर्यंत ढवळत राहायचं, नाहीतर पाक कॉइलवर बसून करपतो. कॉइल बंद करून, पाक ओतून लायल फ्रीझरमधली हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांची, पुडी आणायला गेला. ग्रेचन ढवळू लागली.

तेवढ्यात हेटी रडली. आधी साधं, मग ते दुसरं, जे ऐकलं की ग्रेचनचे पाय तिला न विचारता धावतात. ती पळीसकट धावली.

हेटीचा एक मोजा निघाला होता, एवढंच. तिला कडेवर घेऊन ग्रेचन परतली, तर लायलचा हात बटणावर.

"नीट ढवळलंस ना?"

ग्रेचनने हातातल्या पळीकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली.

पंधरा मिनिटांत करपट वास सुटला. नव्या कॉइलला येत असेल, असं म्हणत लायलने आच कमी केली आणि दिवसभर स्वतःलाच दोष देत राहिला. कोळसा झालेली कॉइल ग्रेचनने गुपचूप जुन्या टूथब्रशने घासली. पुढचे पाच आठवडे ती नवऱ्याशी जरा जास्तच गोड वागली.

बाप्तिस्म्याच्या दुपारी अंगणात सॉसेज भाजले जात होते. त्यांच्या शबॉयगनमध्ये तोंडावर कुणी वाईट म्हणत नाही. व्हर्ना आत्याने घोट घेतला आणि म्हणाली, "वेगळी आहे हं." याहून कडक निकाल त्या गावात नाही. पाद्रीबुवांचा अर्धा ग्लास कुंडीमागे सापडला.

एल्मर मात्र शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. मग उठून त्यांनी ग्लास पुन्हा भरला.

"माझ्या बापाची बिअर अशी लागायची," ते म्हणाले. "चाळीस वर्षं जमवतोय, जमली नाही. लायल, खरं सांग, गॅसवर केलीस ना?"

लायल नाही नाही म्हणत राहिला. पण एल्मर ऐकेनात. विजेवर ही चव येणंच शक्य नाही. उद्या सकाळीच शेगडी आणून ठेवतो म्हणाले.

ग्रेचनने हेटीला घट्ट धरलं.

"शेगडी नको, बाबा. विजेवरचीच आहे. हेटी रडली म्हणून मी ढवळायचं सोडून पळाले. पाक बुडाला लागला."

व्हर्ना आत्याने नको असलेला आणखी एक घोट घेतला.

एल्मरनी ग्लास खाली ठेवला, खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला आणि कागदी रुमाल गुडघ्यावर पसरला.

"नीट आठवून सांग, पोरी," ते म्हणाले. "हेटी किती मिनिटं रडली?"