गोमाजीमामाचं चाकावरचं घर

गोमाजीमामा कोणतीही वस्तू घ्यायची तर आधी तिच्यावर झोपून बघायचा. खाटेचं एक वेळ समजू शकतो हो, पण या माणसानं बैलबंडी घेतली ती भर बाजारात तिच्यात आडवा होऊन. शेत मक्त्यानं केलं तेव्हा आधी अर्धा तास धुऱ्यावर, बांधावर, पडून राहिला. "आंग टाकून पाह्यल्याबिगर काई समजत नाई," हे त्याचं ठरलेलं वाक्य. लेकीसाठी, सुमनसाठी, स्थळ पाहायला गेलेल्या घरी तर त्यानं कहरच केला. चहाची कपबशी खाली ठेवली आणि तिच्या होणाऱ्या सासरच्या ओसरीवर सरळ लांब झाला. मामी लाजेनं अर्धी झाली. मामा उठला, टोपी झटकली आणि म्हणाला, "ओसरी थंडी हाय. पोरगी सुखात राहीन. फोडा सुपारी."

बेल्याला माझं सायकलचं दुकान, आणि दुकानाच्या मागेच मामाचं घर. नव्वद सालाच्या आगेमागे मामी गेली आणि तीन खोल्यांत हा एकटा उरला. तेव्हापासून रोज सकाळी सायकल ढकलत यायचा. "शंकर, हवा भर." मी हवा भरायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा चाक बसलेलं. ट्यूब पाण्यात बुडवून पाहिली, एक बुडबुडा निघेल तर शपथ! मग एकदा मीच पाहिलं, कोपऱ्यावर थांबून मामा स्वतःच हवा सोडत होता. बोललो नाही. मलाही काही कमी गिऱ्हाईक नव्हतं, पण पंप मारता मारता तासभर गप्पा व्हायच्या, आणि तेवढ्यासाठीच तो येतो हे कळल्यावर कोणत्या तोंडानं बोलणार?

"जा ना मामा, चार दिवस सुमनकडे राहून या," असं कुणी म्हटलं की मात्र मामा तापायचा. आमच्याकडे जुन्या लोकांची रीत अशी, की लेकीला मूलबाळ होईपर्यंत तिच्या सासरी पाणीसुद्धा प्यायचं नाही. सुमनच्या लग्नाला आठ वर्षं झालेली, मूल नव्हतं. आताशा ही रीत कोण पाळतं? पण मामाचं एकच, "तुही मामी पाळून गेली. मी मोडू काय?" तलमडुग्याच्या पुढे तिचं खेडं. मामा बसनं जायचा, पायरीवर बसायचा, पिशवीतून नेलेलं स्वतःचं पाणी प्यायचा आणि लगेच परत. सुमनलाही येता येत नव्हतं. सासूला लकवा झालेला, कूस बदलायलासुद्धा सुमनच लागायची. मामीच्या तेरवीला आली, ती शेवटचीच.

तर एके दिवशी मामा हवा न भरताच म्हणाला, "शंकर, मले चाकाचं घर पाहिजे."

"कायचं घर?"

"चाकाचं. ज्याच्यात दोन मानसं निजतीन, चूल मांडता येईन, अन् पाहिजे तथी नेता येईन. तुले मोटारीतलं समजते. तू चाल."

मला सायकलीतलं समजतं, मोटारीतलं नाही. पण मामाच्या हिशेबी ज्याला चाक आहे ते सगळं माझ्याच खात्यात. निघालो.

पहिली गाडी पाहिली निर्मल गावात. तंबूतल्या सिनेमाची जाहिरात करत फिरणारी व्हॅन, चारी अंगांनी नट्यांची चित्रं. मामा आत शिरला आणि आडवा झाला. उठून म्हणाला, "जागा मस्त हाय. पन या बाया रंग देऊनई जाइनात तं? लेकीबाळीच्या दारात उभी करा लागते." त्या वेळी हे वाक्य माझ्या डोक्यावरून गेलं.

दुसरी आदिलाबादला, सरकारी हर्रासात, म्हणजे लिलावात. कुठल्याशा दवाखान्याची मोडकी अँब्युलन्स. मामा सवयीप्रमाणे आत जाऊन पडला, डोळे मिटले, हात छातीवर. तेवढ्यात चौकीदारानं दार उघडलं. तो असा ओरडला की दप्तरातले कारकून बाहेर आले. मामा शांतपणे उठून बसला, तर त्यांतले दोघे पळालेच. "नाई जमत," मामा मला म्हणाला. "याच्यात निजलेल्या मानसाले झोप लागत नसन बावा."

एव्हाना गावात बोभाटा झाला होता. दोन माणसं निजतील असं घर? दुसरं माणूस कोण? मामा दुसरं लगन करून राह्यला! मीही कमी चावट नाही. म्हटलं, "मामा, मामी कोनत्या गावची पाहिली?" मामा हसला नाही, चिडलाही नाही. "दुसरी जागा पाहुन्याची हाय," एवढंच बोलला.

तिसरी गाडी जमली. आदिलाबादचा एक बांगडीवाला गावोगाव फिरायचा, त्याची निळी गाडी. बाजूची फळी वर उचलली की दुकान उघडायचं. आत दोन्हीकडे रुंद फळ्या, एक आरसा, कोपऱ्यात फुटक्या काचेचा चुरा. इंजिन मात्र विकून टाकलेलं, म्हणून गाडी पडून होती. मामा एका फळीवर झोपला, मला दुसरीवर झोपवलं. "हात लांब कर." केला. माझा हात त्याच्या हाताला लागला. "जमलं," मामा म्हणाला आणि बराच वेळ वर पत्र्याकडे पाहत राहिला.

"मामा, इंजिन नाई हो याले!"

"माह्या गोठ्यात दोन हायत. कडबा खातात."

मग सौदा. मामानं आयुष्यात बैलच घेतलेले. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून ठरवतात. मामानं बांगडीवाल्याचा हात धरला, त्यावर उपरणं टाकलं आणि लागला बोटं दाबायला. तो बिचारा शहरातला व्यापारी. "अरे चाचा, ये क्या कर रहे हो? छोड़ो, लोग देख रहे हैं!" हात सोडवायला जाई तसा मामा आणखी दाबी. मामाला वाटे, गडी भाव वाढवून राह्यला. शेवटी मी मध्ये पडून तोंडानं भाव केला. मामाला तो सौदा कधी खरा वाटलाच नाही.

गाडी बैल जोडून बेल्याला आणली. पुढं जू बसवायला दांडा मीच जोडून दिला. मग मामानं सागवानाची पट्टी आणली आणि म्हणाला, दाराला उंबरठा ठोक. मोटारीला उंबरठा! ठोकला बाप्पा. भटजींना बोलावलं तर ते अडून बसले, "गाडीची पूजा करू की वास्तुशांती? वास्तू असन तं दार पूर्वेकडे पाहिजे." मामा उठला, लाल्या-चांद्याला जुंपलं आणि घर फिरवून दार पूर्वेला केलं. भटजींनी पोथी उघडली.

दांडा माझा होता, म्हणून सोबत मीच गेलो. वाटेत एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी सुमनच्या गावात शिरलो. अख्खं गाव मागे. सुमनच्या घरासमोर, रस्त्याच्या पल्याड, मामानं गाडी उभी केली आणि बैलांच्या गळ्यातल्या घंट्या काढून ठेवल्या. सुमन पदर सावरत बाहेर आली. किती वाळली होती पोर! डोळ्यांखाली काळं, हातात सासूचं धुणं.

मामा तिच्याशी बोललाच नाही. पायरीवर उभा राहून आत हाक दिली, "विहीनबाई, लेकीले माहेरी न्यायले आलो. चार दिवस."

आतून सासूचा तुटक आवाज आला, "अन् माह्याकडं कोन पाहीन? कुठं नेता?"

"हे काय, समोर. तुमी आवाज देल्ला का ऐकू येते."

मग जावई बाहेर आला. त्यानं सुमनच्या हातातलं धुणं घेतलं आणि मान हलवून म्हणाला, "जा." भला माणूस, पण विहिरीकडे जाताना त्याचे डोळे काही माझ्या डोळ्यांना भिडले नाहीत.

सुमन रस्ता ओलांडून आली. पंधरा पावलं असतील. गाडीच्या दारात मामा उभा होता, एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्यात पाण्याचा तांब्या. माहेरवाशीण उंबरठ्याशी आली की आईनं तुकडा ओवाळून टाकायचा असतो. मामाला तो कुठून कसा फिरवायचा ते माहीत नव्हतं. उलटा फिरवला, पाणी तिच्या पायाऐवजी साडीवर सांडलं. सुमन हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. मी बैलांना वैरण टाकण्याच्या निमित्तानं तोंड फिरवलं, खोटं कशाला सांगू.

आत गेली, आरशात पाहिलं, फळीवरच्या अंथरुणावरून हात फिरवला. मामीची गोधडी होती ती. म्हणाली, "बाबा, जरासक आंग टाकू?"

"टाक माय. त्याच्याचसाठी हाय."

दुपारी आडवं होणं तिला किती दिवसांनी मिळालं होतं कोण जाणे. बोलता बोलताच झोपली. मामा उंबरठ्यावर बसून उपरण्यानं माश्या वारत होता. जमलेल्या बायापोरांना बोटानं गप करत होता. मलाही बोटानंच गप केलं, मी तर बोलतसुद्धा नव्हतो.

तासाभरानं समोरून सासूची हाक आली. "सुमन! वं सुमन! पानी दे."

जावई अजून विहिरीवरून आला नव्हता. सुमननं झोपेत कूस बदलली. मामा झटकन उठला, रस्ता ओलांडून त्या घरात गेला. मी मागोमाग दारापर्यंत. ज्या घरचा घोट त्यानं आठ वर्षांत घेतला नव्हता, त्या घरच्या माठातून त्यानं पेला भरला, विहिणीच्या मानेखाली हात घालून तिला उठवलं आणि हळूहळू पाणी पाजलं.

"तुमी काऊन?" म्हातारी दचकून म्हणाली. "सुमन कुठं गेली?"

मामानं उपरण्याच्या टोकानं तिची हनुवटी पुसली.

"सुमन माहेरी गेली हाय, विहीनबाई," तो म्हणाला. "चार दिवस मले सांगा."