मानाची बाजू

रफिकभाईचा कॉम्प्युटर कायम झोपलेला असतो. बंद नव्हे हं, चांगला चालू असतो. पण काउंटरवर जाड सतरंजी, तिच्यावर स्क्रीन उताणी पडलेली, आणि चारी बाजूंनी माणसं वाकून बघतायत. नव्या माणसाला वाटतं, इथं कॅरमचा डाव रंगलाय.

छावणी बाजारात त्याचं लग्नपत्रिकांचं दुकान, आणि त्याला खेटून माझं फॉल-पिकोचं. मधे नुसती प्लायवूडची फळी. त्यामुळं लोकांच्या साड्यांइतकीच त्यांच्या घरची भांडणंही माझ्या हातून जातात.

पत्रिका बघायला कुणी एकटं येत नाही, जीपभर येतात. मुलीचा बाप, चुलता, मामा, शिवाय कुणालाच न आवडणारा एखादा मेव्हणा. पूर्वी स्क्रीन उभी होती तेव्हा हे सगळं लटांबर रफिकभाईच्या खुर्चीमागं दाटायचं. कुणी त्याच्या खांद्यावर कोपर टेकायचा, कुणी कानाशी तंबाखूचा वास सोडायचा. एकदा स्क्रीनचा स्टँड मोडला, यानं ती आडवी टाकली आणि तशीच ठेवली. सगळ्यांना जागा झाली, पण अक्षरं एकालाच सरळ दिसायची. वायर आखूड, त्यामुळं स्क्रीन उचलून फिरवता येईना. मग हा पठ्ठ्या बटणं दाबून आतली पत्रिकाच फिरवायला शिकला. आधी बापाकडं, मग चुलत्याकडं, मग मामाकडं. "मान मोडायची नाय कुणाची," हे त्याचं पालुपद. "आपुन कशाला वळायचं? मशीन वळंल."

मान म्हणजे नुसती खांद्यावरची नव्हे. पत्रिका पहिले कुणाकडं वळली यावरून माझ्या डोळ्यांदेखत रुसवे झालेत. एका नवरदेवाच्या आत्याचे यजमान आपली पाळी शेवटी आली म्हणून चहा न घेता रस्त्यावर जाऊन उभे राहिले. रफिकभाई मागोमाग गेला. शेवटची नजर मोठ्या माणसाची असते, असं त्यांना सांगून आला. आले गपगुमान.

मधे नवा कॉम्प्युटर घेतला तर जुनी बटणं चालेनात. हा माणूस लई कासावीस. सेटिंगच्या पोटात सेटिंग, तिच्या पोटात आणखी एक. एकदा पत्रिका पार खाली डोकं वर पाय झाली, माऊस डावीकडं न्यावा तर बाण उजवीकडं पळायचा. "भाबी, हे मशीन माझ्यासंगं नव्या सुनेवानी वागतंय," म्हणाला. शेवटी सापडली सेटिंग. कुठं, ते विचारू नका. "खानदानी नुस्खा है." कीबोर्डसुद्धा काउंटरखालच्या खणात असतो. हात आत, चेहरा वर, अगदी साळसूद.

खानदानात म्हणाल तर हा एकटाच. गावभर लोकांची लग्नं छापतो, स्वतःचं केलं नाही. मी एकदा छेडलं, तर म्हणाला, "माझी पत्रिका तपासायला कोण येणार, भाबी?" मी विषय बदलला.

माझ्या आक्काच्या पोरीचं लग्न ठरलं तेव्हा मीच सगळ्यांना त्याच्याकडं आणलं. दाजींना जाऊन बरीच वर्षं झाली. आक्कानं लोकांचे डबे करून पोरगी शिकवली, पण पत्रिकेचा मजकूर निघाला तिच्या दिरांच्या खिशातून. दाजींचं नाव ‘कैलासवासी’ लावून. निमंत्रक म्हणून दीर स्वतः, ठळक. खाली चुलते, चुलत चुलते, गावचे सरपंच, ‘किलबिल’ म्हणून शेंबडी पोरंसुद्धा. आक्का कुठंच नाही. विधवेचं नाव शुभकार्याच्या पत्रिकेत घालत नाहीत म्हणे. माझं डोकं असं तापलं होतं की विचारू नका. पण आक्का म्हणाली, पोरीच्या लग्नात तमाशा नको, आणि मला शपथ घातली, तोंड उघडायचं नाही. मला, बरं का!

दुकानात पत्रिका दिरांकडं वळली, मग दोन्ही चुलत दिरांकडं. वाचून झालं. आक्का दाराशी पिशव्या धरून उभी. दीर म्हणाले, टाका छापायला.

रफिकभाईनं खणात हात घातला. पत्रिका फिरली आणि दाराच्या बाजूला तोंड करून थांबली.

"आक्का, या. एक बाजू राहिली."

दीर म्हणाले, तिनं बघायची गरज नाही, आम्ही बघितलंय. रफिकभाईनं खणात खुडबुड केली, कपाळाला हात लावला. "मशीन अडकलं की हो साहेब. सेटिंग लपली. आता हे तिकडूनच वाचावं लागंल." एका चुलत दिरानं स्क्रीन उचलायला हात घातला, तर हा ओरडलाच, वायर निघाली तर सगळा मजकूर जाईल.

आक्कानं पिशव्या खाली ठेवल्या. पदर सावरून वाकली आणि वाचत राहिली. मी ओठ दाताखाली दाबून उभी.

"पोरीच्या आईचं नाव दिसत नाही," आक्का म्हणाली. जणू शेजारच्या कुणाच्या पोरीबद्दल बोलत होती.

"वहिनी, आपल्यात रीत आहे..." दिरांनी सुरू केलं.

"तुमची रीत मला ठाव नाय साहेब," रफिकभाई म्हणाला. "पर आमच्या दुकानाची येक रीत हाय. आईनं हो म्हटल्याबिगर पत्रिका छापायला जात नाय."

अशी काही रीत नव्हती. मी शेजारी बसते, मला ठाऊक. दिरांनी माझ्याकडं बघितलं. शपथ पाळून मी काही बोलले नाही, पण माझा चेहरा बघून त्यांना पुढचं कळलं असावं.

"बोला आक्का, नाव."

"श्रीमती शोभा," आक्का म्हणाली. आवाज एवढासा.

काय टाइप होतंय ते दिरांना उलटं दिसत होतं. थोडा वेळ त्यांनी मान वाकडी करून बघितली. मग काउंटरला वळसा घालून आले, मागोमाग चुलत दीरही, आणि सगळे आक्काच्या पाठीशी उभे राहून वाचायला लागले. इतक्या वर्षांत ही माणसं तिच्या पाठीशी उभी राहिलेली मी पहिल्यांदाच बघितली. मला रडू आवरेना.

"बराबर है आक्का?" रफिकभाईनं विचारलं.

आक्का अजून वाकलेलीच होती. "जरा मोठं होईल का?" तिनं विचारलं.

"होतंय की. किती करू?"

तिनं दाजींच्या नावावर बोट ठेवलं. "यांच्याएवढं."